ओल्या फडक्यांखाली

पेणच्या रामवाडीत आमच्या शेजारी राहणारे गजाननअण्णा उन्हाळाभर दुपारी अंगणातली झाडं ओल्या पांढऱ्या फडक्यांनी झाकून ठेवतात. रस्त्यावरून पाहिलं तर माणसं तोंड झाकून ओळीनं बसल्यासारखी वाटतात. वारा आला की एखादं मान हलवतं. सिलिंडर घेऊन आलेला नवा माणूस परवा सिलिंडर फाटकातच ठेवून, हात जोडून निघून गेला.

"अण्णा, आज किती मयतं?" समोरच्या रंजनाताई विचारतात.

"मयतं नाय गो, झोपल्यात. हळू बोल."

अण्णांनी जन्मभर जवळच्या जोहे गावातल्या कारखान्यात गणपती घडवले. कच्ची मूर्ती उन्हानं तडकू नये म्हणून तिच्यावर ओलं फडकं घालतात. तोच नियम त्यांनी जास्वंदीला लावला. त्या दमटपणानं दोन तुळशी कुजल्या, तरी नियम बदलला नाही.

पाणी मात्र ते बेतानं घालतात. उजाडताना किंवा ऊन कलल्यावर, तेही मुळाशी. उन्हात पडलेल्या नळीतलं तापलेलं पाणी आधी सोडून देतात, मग मनगटावर घेऊन बघतात. कुंडीखाली गारव्याला साप येतो, म्हणून प्रत्येक कुंडीवर काठी वाजवतात. "उठा, पानी येतंय," म्हणतात आणि थांबतात. उत्तर यावं तसे.

ओळीतलं शेवटचं फडकं ते संध्याकाळीही काढत नाहीत. खाली कोणतं झाड आहे, असं मी एकदा विचारलं.

"तिचं मी बघतो," एवढंच म्हणाले.

मे महिन्यात अण्णांची रोह्याला दिलेली मुलगी आजारी पडली. अण्णांना जावं लागलं. किल्ली माझ्या हातात देताना म्हणाले, "शेवटचीला पानी घालू नको. फडकं तेवढं भिजव. सुकली तर गेली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते फडकं भिजवायला उचललं. खाली मातीचा चेहरा होता. बाईचा, खांद्यापर्यंत, खऱ्या माणसाएवढा. मधला भांग, हनुवटीवर तीळ. डोळ्यांच्या जागी नुसती गुळगुळीत माती. कानाजवळ बारीक भेग पडली होती.

मी रोह्याला फोन लावला. अण्णांना भेगेचं सांगितलं.

"बोट ओलं कर, हळू फिरव. मिटंल."

भेग मिटली.

"कारखान्यात डोळं पोरीची आई, सुलभाच कोरायची," ते म्हणाले. "मला नाय जमत. तिला समोर बसवून घडवली. आरसा घेऊन आपलं डोळं आपनच कोरीन, म्हनाली. त्याच्या आधीच गेली. सुकल्यावर कोरता येत नाय, म्हनून ओली ठेवलीय."

आता कोरणार कोण, हे मी विचारलं नाही. फडकं पिळून पुन्हा घातलं.

"पानी मनगटावर बघितलंस ना? गरम सोसत नाय तिला."

"बघितलं."

"मग फोन तिच्या कानाशी धर जरा. पोरीचं सांगायचंय."

मी फोन ओल्या फडक्याला लावून धरला. त्यांचं बोलणं संपेपर्यंत तिकडे पाहिलं नाही.