घोड्याच्या मानेपासून शेपटीपर्यंत

मी पुढच्या सीटवर बसले ती केवळ उजेडासाठी. मागे बसले असते तर यातलं काहीच घडलं नसतं. पण मागच्या काचांना काळी फिल्म लावलेली, आणि माझ्या हातात घोडा. घोडा तपकिरी, आयाळ काळी. त्या अंधारात तपकिरी मणी कुठला आणि काळा कुठला, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. म्हणून मी म्हटलं, मी पुढे बसते. एवढंच म्हटलं. बाकीचं त्या तीन शब्दांनी केलं.

मला मण्यांचा नाद आहे. (आमचे हे त्याला व्यसन म्हणतात. पण ते वर्तमानपत्रातली कोडी सोडवतात, त्याला मात्र बुद्धीचा व्यायाम म्हणायचं.) तंगूसाचा दोरा घ्यायचा, दोन्ही टोकांत मणी ओवायचे, मग एका मण्यातून दोन्ही टोकं समोरासमोर आरपार काढायची आणि गच्च ओढायची. या गच्च ओढण्यातच सगळी विद्या आहे. सैल राहिलं तर घोडा उभा राहत नाही, दमून आल्यासारखा बसकण मारतो. माझा आजवर एकही प्राणी बसलेला नाही. पोपट झाले, कासवं झाली, सात पिल्लांसकट एक बदक झालं. बदकाला टीव्हीवरून खाली पाडून पाहिलं, तरी उभंच.

घरात मणी कुठे नाहीत ते विचारा. यांच्या चपलेत आहेत, चष्म्याच्या घरात आहेत. एकदा यांचा कान दुखायला लागला म्हणून डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी चिमट्याने हिरवा मणी काढला आणि विचारलं, हा कुठून आला? मी म्हटलं, पोपटाचा आहे. डॉक्टरांनी पुढे काही विचारलं नाही.

ओढताना मला पायाचा रेटा लागतो. कशाला तरी पाय टेकवून जोर लावला की दोरा असा बसतो की चाकूने सुटायचा नाही. घरी मी यांच्या खुर्चीचा पाय धरते. हे वाचत बसलेले असतात. दर ओळीला खुर्ची बोटभर सरकते, आणि कासव पूर्ण होईपर्यंत हे दारात पोचलेले असतात. मला हे सगळं ठाऊक होतं असं समजू नका. खुर्ची सरकते ती यांच्या चुळबुळीने, असंच मी बावीस वर्षं धरून चालले होते.

आता लेकीचं सांगते. माझी लेक गाडी चालवायला शिकवते. अकरा वर्षं झाली. बँकेतला साहेब म्हणू नका, दूधवाली म्हणू नका, दातांची डॉक्टरीण म्हणू नका, अर्धं गाव तिच्या बोटाच्या इशाऱ्यावर डावीकडे उजवीकडे वळलेलं आहे. पण शिकवायचं हिने आणि पास-नापास करायचं दुसऱ्या कुणीतरी, हे तिला सलायचं. तिला परीक्षक व्हायचं होतं. त्यासाठी मोठ्या शहरातल्या कचेरीत जाऊन एक परीक्षा द्यावी लागते, आणि चाळिशीनंतर ती देता येत नाही. पुढच्या महिन्यात तिला चाळीस वर्षं पुरी होणार होती. म्हणजे हीच एक संधी. दुपारी दोनला कचेरीत हजर राहायचं, दोननंतर आलेल्याला आत घेत नाहीत.

ती एकटीच निघाली होती. मी म्हटलं, मी येते सोबत. पोरगी परीक्षेला जाणार आणि आई घरी बसणार, हे मला जमणारं नव्हतं. शिवाय तिच्या गाडीच्या काचेपुढे उभा करायला म्हणून मी घोडा करायला घेतला होता, आणि त्याचं नुसतं डोकं झालं होतं. चार तासांच्या रस्त्यात उरलेला घोडा उरकेल असा माझा हिशेब.

गाडी शिकवणीचीच होती. परीक्षेला तशीच लागते. त्या गाडीत मी जन्मात बसले नव्हते, कारण घरच्या कामाला शिकवणीची गाडी वापरायची नाही हा लेकीचा नियम. मांडीवर मी ताट घेतलं, ताटात मणी, आणि सांडू नयेत म्हणून खाली मोठी चादर पसरली, पार पायांपर्यंत. निघताना लेकीने सांगितलं की पायाशी जे आहे त्याला हात लावू नकोस. मी वाकून पाहिलं, तर रबर लावलेली एक छोटी पट्टी. मला वाटलं, बसणाऱ्याला पाय टेकायची सोय केली आहे, आणि माझ्या चपलेने ती मळू नये म्हणून ही सांगते आहे. (हात मी शेवटपर्यंत लावला नाही, हे इथे नोंदवून ठेवते.)

पहिला तास झकास गेला, कारण मी मणीच निवडत होते. मग मान घ्यायला सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीला गाडीने गचका खाल्ला. लेकीने आरशात पाहिलं, खाली पाहिलं. थोड्या वेळाने पुन्हा गचका. मी म्हटलं, पेट्रोलमध्ये पाणी असेल. तिसऱ्या गचक्याला म्हटलं, तू सकाळी नीट खाल्लं नाहीस. चौथ्याला म्हटलं, आजकालच्या गाड्यांत दम नाही. मला गाडीतलं काही कळत नाही, पण मत द्यायला कळावंच लागतं असं थोडंच आहे.

एकदा तिने विचारलंसुद्धा, "आई, तुझा पाय लागत नाही ना?"

मी हात थांबवून, चादर उचलून पाहिलं. पाय आपले शहाण्या मुलींसारखे शेजारी शेजारी. म्हटलं, "नाही गं." आता यात मी खोटं काय बोलले? विचारलं त्या क्षणी पाय आवरलेलेच होते.

मागून एक बस येत होती. पुढचा गचका बसला तसा बसवाल्याने गाडी बाजूला आणली, खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि विचारलं की लायसन्स कुणी दिलं. माझ्या लेकीला विचारलं. जिने अर्धं गाव शिकवलं तिला. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की मी दोरा दात-ओठ खाऊन ओढला, आणि गाडी भर रस्त्यात उभीच राहिली. बसवाला म्हणाला, बघा. आणि गेला.

लेकीचा चेहरा पांढरा पडला. तिने गाडी हळूहळू कडेला नेत एका गॅरेजपाशी आणली. मेकॅनिक भला माणूस होता. त्याने मला सावलीत स्टूल दिलं, बॉनेट उघडलं, चाकं काढून पाहिली, मग लेकीला शेजारी बसवून स्वतः दोन फेऱ्या मारून आला. गाडी लोण्यासारखी चालली. मग तिला चालवायला दिली. तरीही लोण्यासारखीच. एक वाजत आला होता. त्याने फडक्याला हात पुसले आणि अगदी मायेने सांगितलं की ताई, गाडीत काही दोष नाही, तुमचाच पाय ब्रेकवर जात असणार, नवीन शिकताना होतं असं.

नवीन शिकताना. माझ्या लेकीने मान खाली घातली. एक शब्द उलट बोलली नाही, आणि तेच मला लागलं. लहानपणी ही पोर सायकलवरून पडली तर सायकलीला रागवायची. आज ती आपल्याच पायांकडे बघत होती.

त्या रागात मी घोड्याचं पोट आवळलं. ओढलं मात्र, आणि स्टुलापुढे ठेवलेला स्क्रूचा डबा फरशीवर जाऊन कलंडला. मी डब्याकडे पाहिलं. पायाकडे पाहिलं. माझा उजवा पाय ताठ पुढे गेलेला, जसा काही तो माझा नाहीच, भाड्याने आणलाय. मी हळूच दुसरी ओळ ओढून पाहिली. पाय पुन्हा गेला.

तेव्हा मला एकाच वेळी पुष्कळ गोष्टी कळल्या. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो, हे लेकीने मागे कधीतरी सांगितलं होतं तेही आठवलं. (माझी आठवण फार तल्लख आहे. फक्त वेळेवर येत नाही.)

मी विचार केला, गप्प बसावं. घोडा पिशवीत टाकावा, पाय पोटाशी घ्यावेत. गचके बंद, बोभाटा बंद, आई कशाला वाईट ठरायला हवी? मोठी सुबक युक्ती होती. पण रस्त्याला लागल्यावर पाहते तर मघाशी डाव्या हाताला असलेला पेट्रोलपंप आता उजव्या हाताला. लेकीने गाडी घराकडे वळवली होती.

मी विचारलं तर म्हणाली, ज्या पायावर माझाच भरवसा नाही, तो घेऊन मी दुसऱ्याला पास-नापास कोणत्या तोंडाने करू? नाही द्यायची मला परीक्षा.

 आईपण म्हणजे काय, तर लेकीसमोर शहाणं दिसायचं, ही माझी चाळीस वर्षांची कमाई. ती एका वाक्यात घालवायची होती. घालवली.

"गाडी फिरव," मी म्हटलं. "ब्रेक मी दाबत होते."

तिने सिग्नल दिला, आरशात पाहिलं, कडेला घेतलं, हँडब्रेक ओढला. सगळं नियमाने. मग माझ्याकडे वळली.

"कधीपासून?"

"घोड्याच्या मानेपासून."

"आणि कुठपर्यंत?"

"शेपटी राहिलीय अजून."

तिने स्टीअरिंगवर डोकं टेकलं. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे, म्हणून पाठीवर हात ठेवला, तर बाई हसत होती. इतकी हसली की हॉर्नच वाजला. मग डोळे पुसले आणि गाडी अशी फिरवली की काय सांगू. मी मांडी घालून बसले होते आणि पाय चादरीत गुंडाळले होते. दोनला पाच कमी असताना आम्ही कचेरीच्या फाटकातून आत गेलो.

परीक्षा मैदानात होती. मी जाळीबाहेरच्या बाकावर. पहिला उमेदवार गेला, जाड भिंगांचा. शेजारी मोठे साहेब. गाडी थोडी गेली आणि गचकन थांबली. उमेदवार उतरला आणि बॉनेट उघडून बघायला लागला. दुसऱ्याचंही तेच झालं, पण तो उतरला नाही, नुसताच घामाघूम होऊन माफी मागत राहिला. मग माझी लेक गेली. मैदानाच्या मध्यावर गाडीने एकदा गचका खाल्ला आणि तशीच पुढे निघाली. पुन्हा थांबली नाही.

नंतर साहेब तिच्याबरोबर बाहेर आले ते हसतच. बाकावर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांनी सांगितलं, की चालवता चालवता मी शेजारचा ब्रेक मुद्दाम दाबतो, माणूस गोंधळतो का ते बघायला. सगळे गाडीवर नाहीतर स्वतःवर संशय घेतात. या बाईंनी रस्त्यावरची नजरसुद्धा हलवली नाही. नुसतं म्हणाल्या, "साहेब, पाय मागे घ्या." इतक्या वर्षांत पहिल्याच झटक्याला कुणी मला पकडलं नव्हतं.

मग त्यांनी तिला विचारलं, हे कुठे शिकलात?

"आईकडे," ती म्हणाली.

साहेबांनी मला वाकून नमस्कार केला. माझी मान घोड्यासारखी ताठ झाली. बाकावरचे सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी, कुणी विचारलं नसतानाही, शिकवण्याला घरापासून सुरुवात करावी लागते, असं काहीतरी बोलून गेले. लेकीने ऐकलं. 

तासाभराने तिला शिक्का मिळाला, आणि निकाल लिहायच्या कोऱ्या कागदांचं एक पुस्तक मिळालं. गाडीपाशी आल्यावर तिने ते बॉनेटवर ठेवून उघडलं, पेन काढलं आणि पहिल्याच कागदावर माझं नाव लिहिलं. परीक्षा कशाची, तर शेजारी बसून प्रवास करण्याची. निकाल, नापास. खाली सही केली, शिक्का मारला, कागद फाडून माझ्या हातात दिला आणि माझ्यासाठी मागचं दार उघडलं.

मी शाळेत कधी गेले नाही, वाचायला घरीच शिकले. त्यामुळे जन्मात कधी नापासही झाले नव्हते, आणि हे मी लोकांना मोठ्या तोऱ्यात सांगत असे. ते आता सांगता येत नाही.

पण तो कागद मी मण्यांच्या चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावला आहे. आल्यागेल्याला दाखवते. म्हणते, परीक्षक झाल्यावर लेकीने दिलेला हा पहिला निकाल, शिक्का बघा, सही बघा. लोक कौतुकाने जवळ जातात आणि जरा जास्तच वेळ थांबतात. परवा मीही चष्मा लावून जवळ गेले, तेव्हा कळलं. सहीच्या खाली यांनी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहून ठेवलं आहे: निकाल योग्य आहे. फेरतपासणीची गरज नाही.