तुळई हिरवी आहे

आमच्या संकल्पन कार्यालयातील आवक-जावक कक्षाची तुळई मधोमध खाली झुकली आहे, ही बाब सर्वप्रथम माझ्या सासऱ्यांच्या निदर्शनास आली. यात त्यांचं विशेष कौतुक नाही. त्यांची खुर्ची बरोबर तिच्याखाली असल्यामुळे गिलाव्याचा चुरा रोज त्यांच्याच चहात पडत असे. त्यांनी रीतसर अर्ज केला. अर्जावर चुरा सांडलेला असल्यामुळे तो एकदा परतही आला.

पूर्वीच्या अडाणी काळात अशा वेळी कोणीतरी शिडी लावून वर बघायचं आणि लाकडी टेकू ठोकून मोकळं व्हायचं. आता आमच्याकडे तुळईचं विश्लेषण करणारं सॉफ्टवेअर आलं आहे. त्यामुळे तुळईकडे मान वर करून बघणं कार्यालयात असभ्य समजलं जातं. मशीन असताना डोळे कशाला वापरता, असं साहेब विचारतात, आणि ते बरोबरच आहे.

सॉफ्टवेअर शिकवायला एक प्रशिक्षक आला होता. त्याने पहिला धडा घेतला: 'सुरुवात कशी करावी'. पडद्यावर रेघ ओढायची, तुळई झाली. टोकांना दोन त्रिकोण ठेवायचे, आधार झाले. वरून बाण सोडायचे, वजन आलं. मग बटण दाबायचं. तुळई हिरवी झाली तर छापायची, लाल झाली तर काहीतरी बदलायचं. नेमकं काय बदलायचं ते दुसऱ्या धड्यात होतं, आणि दुसऱ्या धड्याला मंजुरी नव्हती. आम्हा सगळ्यांना सुरुवात येत असल्याची प्रमाणपत्रं मिळाली. माझी सुरुवात सर्वांत चांगली असल्याने सासऱ्यांची तुळई माझ्याकडे आली.

मी रेघ ओढली. धड्यातली तुळई सहा मीटरची होती, म्हणून आमचीही सहाच ठेवली. उगाच तुळयांमध्ये भेदभाव कशाला? वजन मात्र खरं धरावं लागलं, कारण वरच्या मजल्यावर साहेबांची केबिन आहे आणि साहेबांचं वजन कमी दाखवण्याची माझी काय प्राज्ञा. बटण दाबलं. तुळई लालभडक झाली.

साहेब खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "लाल बरं नाही दिसत हो. हे वर पाठवायचंय आपल्याला."

"साहेब, ती खरंच झुकली आहे."

"ते मी विचारलं का?"

मी रेघेच्या मधोमध आणखी एक त्रिकोण ठेवला. तुळई हिरवीगार झाली. पडद्यावरच्या त्रिकोणाला ना सिमेंट लागतं ना गवंडी. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि नकाशा मंजूर झाला.

मग तपासणी अधिकारी आला. हा गृहस्थ जुन्या वळणाचा निघाला. त्याने नकाशा उघडून थेट कक्षातच पाऊल टाकलं.

"मधला आधार जागेवर दिसत नाही."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तुळईखाली पाहिलं. तिथे सासरे डबा उघडून बसले होते.

"हे काय, बसलेत ना," मी म्हणालो.

अधिकारी विचारात पडला. "कायम बसतात?"

"नोकरीला लागल्यापासून."

सॉफ्टवेअरमध्ये आधाराचे प्रकार दिलेले आहेत: लाकडी, लोखंडी, काँक्रीट आणि इतर. अधिकाऱ्याने सासऱ्यांना एकदा नीट न्याहाळलं आणि 'इतर' वर टिचकी मारली.

"जावईबापू, साधा टेकू लावला असता की," अधिकारी गेल्यावर सासरे हळूच म्हणाले.

"बाबा, टेकू लावला तर नकाशा बदलावा लागेल. तो मंजूर झालाय."

"आणि वरून खाली आली तर?"

"कशी येईल? तुम्ही आहात ना."

यापुढे जे घडलं ते नियमाला धरूनच घडलं. आधाराला रजा देता येत नाही, म्हणून त्यांच्या रजा बंद झाल्या. कार्यालयीन वेळेत लघवीला जायचं तर साधारण त्याच वजनाचा माणूस खुर्चीत बसवून जायचं, असं परिपत्रक निघालं. तसा माणूस फक्त लेखाविभागात होता आणि तो यायला कुरकुर करायचा. सुरक्षिततेसाठी सासऱ्यांना हेल्मेट देण्यात आलं. ते रोज घाबरून वर बघायचे. वर बघू नका, अशी त्यांना समज देण्यात आली.

मग त्यांच्या निवृत्तीचा आदेश आला. मी पडद्यावरून मधला त्रिकोण काढून पाहिला. लाल. सबब, आधार सेवेतून कमी केल्यास इमारतीस धोका संभवतो, असा शेरा मारून आदेश परत पाठवण्यात आला. निवृत्तीनंतर ते आमच्याकडे राहायला येणार होते, आणि त्यांच्यासाठी मला माझी मागची खोली रिकामी करावी लागणार होती. पण या गोष्टीचा माझ्या तांत्रिक निर्णयाशी काडीचाही संबंध नाही, हे मी बायकोलाही अनेकदा समजावून सांगितलं.

माझी मात्र भरभराट झाली. शहरातल्या सगळ्या इमारती माझ्याकडे आल्या. जिथे तुळई लाल, तिथे खाली कोण बसतं ते विचारायचं, एवढंच. न्यायालयात एक टंकलेखक सापडला. इस्पितळात एक रुग्ण मिळाला. त्याला बरं करू नये, अशी विनंती आम्ही डॉक्टरांना केली. कोणीच सापडलं नाही तर रहिवाशांपैकी एखादा, नाहीतर वाचत बसलेला एखादा माणूस. वाचणारी माणसं जागची हलत नाहीत, असा आमचा अनुभव आहे.

"अहो, भेगेत आता बोट जातं म्हणे," बायको एके दिवशी पोळ्या लाटता लाटता म्हणाली.

"पडद्यावर भेग नाहीये."

"बाबा रात्री झोपेत हात वर धरतात. छत पेलल्यासारखे. आई सांगत होती." तिने लाटणं खाली ठेवलं. "मला भीती वाटते हो. तुम्हाला कशी वाटत नाही?"

"तुळई हिरवी आहे," मी म्हणालो. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. नंतर पोळी करपली, त्याचं खापरही माझ्यावरच फुटलं.

दुसऱ्या दिवशी ती कार्यालयात आली. कोणाला काही न विचारता थेट तुळईखाली जाऊन उभी राहिली आणि मान वर करून बघत राहिली. सगळा कक्ष ओशाळला.

"बाबा, उठा."

"अगं, पण मी उठलो तर..."

"उठा म्हणते ना. घरी चला."

सासरे उठले. त्यांनी हेल्मेट काढून खुर्चीवर ठेवलं, डबा घेतला, सवयीने सगळ्यांना नमस्कार केला आणि लेकीचा हात धरून बाहेर पडले. मी लेखाविभागातल्या माणसाला हाका मारत होतो. ती दोघं जिन्याशी पोचतात न पोचतात तोच मागे धाडकन आवाज झाला आणि कक्ष धुळीने भरून गेला. धूळ बसली तेव्हा खुर्चीचा भुगा झालेला होता. हेल्मेट शेवटपर्यंत सापडलं नाही. साहेब सुदैवाने दौऱ्यावर होते. माझ्या पडद्यावर तुळई हिरवीच होती.

चौकशी झाली. मधला आधार काढल्यास तुळई टिकणार नाही, हे सॉफ्टवेअरने आधीच सांगितलेलं होतं, आणि ते तंतोतंत खरं ठरलं, म्हणून माझा गौरव करण्यात आला. आधाराने पूर्वपरवानगीशिवाय जागा सोडल्याबद्दल सासऱ्यांवर ठपका आला. आधार हात धरून बाहेर नेल्याबद्दल बायकोला नोटीस आली. ती तिने चुलीत घातली. सासरे आता माझ्या मागच्या खोलीत असतात आणि खाट भिंतीला चिकटवून झोपतात. बायको माझ्याशी कामापुरतं बोलते. बोलताना ती माझ्याकडे बघत नाही, छताकडे बघते.

असो. एक सांगायचं राहिलं. तुम्ही आत्ता जिथे बसला आहात, ती इमारतही माझ्याकडेच होती. फार लाल येत होती हो, काही केल्या ऐकेना. आता हिरवी आहे. मधल्या आधाराचा प्रकार 'इतर' असा नोंदवला आहे. तेव्हा वाचून झालं असलं, तरी कृपया उठू नका.