भीती मंजूर करण्याची कार्यपद्धती

भावना ही माणसाची खासगी बाब आहे, हा गैरसमज शेअर बाजार उघडताच, म्हणजे सव्वानऊला दूर होतो. बाजारात नुकसान शेअरमुळे होत नाही, घाबरून विकल्यामुळे होतं, असं सगळे जाणकार सांगतात. (जाणकार म्हणजे ज्यांचं नुकसान आधीच होऊन गेलेलं आहे.) हे ध्यानात घेऊन छत्रपती संभाजीनगरात, सिडकोतल्या आमच्या सोसायटीत ‘गुंतवणूकदार भावना नियमन मंडळ’ स्थापन झालं. सभासद एकोणीस, सगळे निवृत्त कारकून. मी चिटणीस आहे, त्यामुळे मंडळाविषयी चांगलंच बोलेन.

मंडळाची पद्धत अगदी सोपी. सभासदाला भीती वाटल्यास त्याने परस्पर शेअर विकू नयेत. विहित नमुन्यात, दोन प्रतींत अर्ज करावा आणि मंजुरी आल्यावर घाबरावं. अध्यक्ष माऊलीरावांनी उद्घाटनातच बजावलं, “भीती वाटणं गुन्हा नाय. विनापरवाना वाटणं गुन्हा हाय.” सिल्लोडचे एक सभासद तर सकाळच्या एसटीने केवळ घाबरण्यासाठी येतात.

पहिल्या तिमाहीत भीतीचे २१४ अर्ज आले, पश्चात्तापाचे १६०, लोभाचा एकही नाही. (लोभ आमच्याकडे ‘अभ्यास’ या शीर्षाखाली येतो. त्याचे ३८७.)

आता मधुसूदनरावांचं प्रकरण. त्यांची मुलगी सई पुण्यात फिजिओथेरपी शिकते. तिच्या दुसऱ्या वर्षाची फी, दोन लाख चाळीस हजार, वीस तारखेला भरायची होती. मधल्या काळात पैसे नुसते पडून राहतात, याचं वाईट वाटून मधुसूदनरावांनी ते एका शेअरमध्ये घातले. पाच तारखेला शेअर कोसळला. त्यांना दरदरून घाम फुटला, पण शिस्तीचा माणूस! त्यांनी अर्ज केला.

अर्ज त्रुटी काढून परत आला. भीती शेअरची की पत्नीची, ते नमूद नव्हतं. दोन्ही असल्यास अर्ज स्वतंत्र हवेत. शिवाय भीती स्पष्ट दिसेल असे दोन पासपोर्ट फोटो जोडलेले नव्हते. मधुसूदनराव लगोलग स्टुडिओत गेले. फोटोग्राफर सम्यक मनापासून काम करणारा. “काका, असं नाय चालत. अजून घाबरा की. पोरीची फी आठवा!” म्हणाला. फोटो इतका अप्रतिम आला की मंडळाने तो नमुना म्हणून फलकावर लावला.

घरी दमयंतीबाईंनी विचारलं, “अहो, वीस तारीख तोंडावर आली. पैसे कुठायत?”

“तुझा प्रश्न भावनिक आहे,” मधुसूदनराव म्हणाले. “लेखी दे.”

बाईंनी लेखी दिलं नाही. त्या दिवशी त्यांना जेवणही दिलं नाही.

भीती अठरा तारखेला मंजूर झाली. पंचाईत अशी, की त्याच सकाळी शेअर सावरू लागला होता आणि मधुसूदनरावांना आता बिलकूल भीती वाटत नव्हती. पण मंजूर भीती त्याच दिवशी न वापरल्यास रद्द होते. ज्याने छत्तीस वर्षं मार्चअखेरीला एक रुपया परत जाऊ दिला नाही, तो मंजूर झालेली गोष्ट वाया कशी घालवणार? दुपारी साडेतीनच्या आत ते कागदोपत्री पुरेपूर घाबरले आणि सगळे शेअर विकून मोकळे झाले. हाती एक लाख दहा हजार आले.

त्यानंतरच्या दोन महिन्यांत तो शेअर तिप्पट झाला. मंडळाने अहवालात हे प्रकरण ‘यशस्वी’ म्हणून नोंदवलं, कारण विकताना मधुसूदनरावांच्या चेहऱ्यावर कसलीही भावना नव्हती. (ती अजून परतलेली नाही.)

हा वृत्तांत मी आजवर त्रेचाळीस जणांना सांगितला. सगळे पोट धरून हसले. मग जवळ सरकून, आवाज खाली आणून प्रत्येकाने मला एकच गोष्ट विचारली. आपल्याही मनात तीच घोळते आहे, म्हणून सांगून टाकतो: शेअरचं नाव मिळणार नाही. सईच्या कॉलेजचं पुढे काय झालं, ते सांगितलं असतं. ते कुणी विचारलंच नाही.