कासवाने गच्चीवर नेलेलं पाणी

एका जंगलात, बाळांनो, एक नदी वाहत होती. म्हणजे पूर्वी वाहायची. आता ती नुसती पडून असायची.

नदीकाठी सिंहमहाराजांची गुहा होती. नदीला वास येऊ लागला तसा महाराजांनी तातडीने उपाय केला. ते गुहेच्या गच्चीवर राहायला गेले.

गच्चीवर त्यांनी झकास लाउंज काढला. वेलींचे झोपाळे, काजव्यांचे दिवे आणि काउंटरवर एक वानर. तो मोहाच्या दारूत काहीबाही मिसळून तिला कॉकटेल म्हणायचा. दरबारही तिथेच भरू लागला. सालं, चोथा, उष्टं-खरकटं सगळं कठड्यावरून खाली टाकायचे. खाली नदी होतीच.

त्या नदीत शिदबा कासव राहायचा. त्याच्या नऊ पिल्लांच्या मानेवर फोड आले होते. धाकटी तर दोन दिवस डोळे उघडत नव्हती.

"तुम्ही वर जाऊन सांगा," त्याची बायको सखू म्हणाली. "पण नुसतं बोलू नका. पाणीच घेऊन जा. त्यांना पुरावा लागतो."

सखू शहाणी होती, पण दरबारात कधी गेली नव्हती.

शिदबाने पाठीवर करवंटीभर पाणी घेतलं आणि पायऱ्या चढू लागला. अर्धा दिवस गेला. दारात तरसाने अडवलं.

"ओल्या अंगाने आत जाता येत नाही. इथे लोक नदी बघायला येतात."

"मी नदीतूनच आलोय, दादा."

"तेच म्हणतोय मी."

शिदबा उन्हात वाळला आणि मग आत गेला. करवंटी काउंटरवर ठेवून तो प्रधान कोल्ह्याकडे अर्ज द्यायला वळला. तेवढ्यात वानराला वाटलं, कोणाची तरी ऑर्डर राहिली. त्याने करवंटीत पुदिना खोचला, कडेला लिंबाची चकती लावली आणि ती महाराजांपुढे ठेवली.

महाराजांनी घोट घेतला. डोळे मिटले. शिदबाला मनातून बरं वाटलं. आता यांना कळेल, असं त्याला वाटलं.

"वा," महाराज म्हणाले. "आधी चिखल, मग शेवाळ आणि शेवटी किंचित कुजकट. कुठून मागवलंत?"

"परदेशातून असावं, महाराज," कोल्हा म्हणाला.

"महाराज, ते खालच्या नदीचं पाणी आहे," शिदबा म्हणाला. "त्याच्यानं माझी पोरं मरायला टेकलीत हो."

महाराजांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आपल्या नदीचं?" ते म्हणाले. "आणि आजवर आम्हाला कोणी सांगितलं नाही?"

लगेच हुकूम सुटला. नदी कोणी साफ करायची नाही. चव टिकावी म्हणून रोज दोन टोपल्या जास्त खरकटं टाकायचं. शिदबाला दरबारी पाणक्या नेमलं आणि त्याच्या कुटुंबाला गच्चीवर झऱ्याच्या पाण्याचं दगडी टाकं दिलं.

शिदबाला नाही म्हणायचं होतं. पण धाकटीची लोंबती मान त्याच्या डोळ्यांपुढे आली. तो हो म्हणाला.

आठ दिवसांत पिल्लं खडखडीत बरी झाली. धाकटी टाक्यात सुळकांड्या मारू लागली. सखूने तिला डोळे भरून पाहिलं, मग विचारलं, "खालच्या मासळीचं काय हो?"

शिदबाने कठड्यावरून मान काढली. बराच वेळ खाली पाहिलं.

"इथून तर बरी दिसतेय," तो म्हणाला.

तात्पर्य : नदीचं दुःख नेहमी वरपर्यंत पोहोचवावं. नदी सुधारत नाही, पण पोहोचवणाऱ्याची सोय होते.