केसराक्काची साखर

एका जंगलात, बाळांनो, केसराक्का नावाची अस्वलीण राहत होती. थोराड, केसाळ आणि मधाची भारी शौकीन. मोहोळ दिसलं की माशा चावोत नाहीतर फांदी मोडो, अक्का वर चढलीच म्हणून समजा.

एके वर्षी तिला सारखी तहान लागायला लागली. पायांना मुंग्या यायच्या. चार पावलं चढली की धाप. शेवटी ती डॉक्टर सुतारपक्ष्याकडे गेली. डॉक्टरांनी तिला सगळीकडून ठोकून पाहिलं.

"रक्तात साखर वाढलीय," ते म्हणाले. "मध आवरा. रोज चाला. ही कडू पानं सकाळ-संध्याकाळ घ्या. आणि पायाला जखम होऊ देऊ नका."

"बरी कधी होईन मी?"

"हा आजार जायचा नाही. पण त्याच्यासकट तुम्ही झकास जगाल."

बाळांनो, कानांची एक गंमत असते. पहिलं वाक्य अक्काच्या कानात शिरलं आणि त्याने आतून कडी लावली. दुसरं बिचारं बाहेरच राहिलं.

पोपटांनी बातमी जंगलभर केली. पोपटांचं काम तेच. एकाने ऐकायचं, बाकीच्यांनी जसंच्या तसं पुढे पाठवायचं. संध्याकाळपर्यंत केसराक्काच्या गुहेपुढे ही गर्दी!

"जायचा नाही म्हणजे काय?" तात्या कोल्हा कडाडला. "हा डॉक्टर आहे की ज्योतिषी? अक्का, ती पानं आधी फेका. पानांनी आतडी हिरवी होतात."

"तुम्ही पाहिलीत आतडी?" अक्काने भीतभीत विचारलं.

"पाहायला कशाला लागतं? सगळे म्हणतात!"

वटवाघूळ म्हणालं, "साखर पायातून वर चढते. उलटं लटका, की गपकन् खाली येईल."

कासव म्हणालं, "श्वास सावकाश घ्या. इतका सावकाश, की आजाराला वाटलं पाहिजे आपण मेलो. मग तो थांबतोय कशाला?"

साळिंदराने तर बोलण्यात वेळच घालवला नाही. "माझ्यावर पाय ठेवा," ते म्हणालं. "टोचलं की साखर बाहेर."

आता केसराक्का काही मठ्ठ नव्हती. पण खरं सांगू? धडधाकट होती तेव्हा तिच्याकडे कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं. आता सगळं जंगल तिची चौकशी करत होतं. कुणाचंही मन मोडायचं तिच्या जिवावर आलं. तिने पानं फेकली. साळिंदरावर पाय ठेवला. उंबराला उलटी लटकली. उंबर जुना, अक्का जड. दोघंही खाली आली.

पायाला टोचलेलं तिला नीट कळलंच नाही, कारण पाय बधिर झाले होते. जखम चिघळली. अंगात ताप भरला. ओढ्यावर पाणी प्यायला निघालेली अक्का वाटेतच कोसळली.

लगेच सगळे जमले.

"नीट लटकली नसेल," वटवाघूळ म्हणालं.

"श्वास घेतला असेल भराभर," कासव म्हणालं.

तात्याने तर घसा साफ करून श्रद्धांजलीला सुरुवातही केली. "आपल्या केसराक्का फार गोड स्वभावाच्या होत्या..."

"अजून आहेत!" डॉक्टर सुतारपक्षी खाली उतरत ओरडले. त्यांनी जखम धुतली, पाला बांधला, पानांचा रस पाजला. अक्का शुद्धीवर आली ती मान खाली घालूनच.

"रागावा मला," ती पुटपुटली.

"रागावून साखर उतरत असती, तर मी पानं कशाला दिली असती? मनात काय आहे ते विचारा."

मग केसराक्काने विचारलं. पानं पोटात जाऊन करतात काय? पाय का बधिर होतात? आणि अगदी हळू आवाजात, "मध जन्मभर बंद?"

"जन्मभर म्हटलं तर तुम्ही चोरून खाल. कधी आणि किती, ते आपण दोघं मिळून ठरवू."

ठरलं. पौर्णिमेला एक बोट मध. बाकी मासे, कंदमुळं आणि रोजची टेकडी. रोज झोपण्याआधी अक्का चारही पंजे उलटेपालटे करून बघायची. हळूहळू धाप गेली. तहान आवरली. नाचणं तिने कधीच सोडलं होतं, तीही पावलं परत आली.

जंगलाने लगेच सत्कार ठेवला. साळिंदराचा!

शाल, नारळ, भाषणं, सगळं झालं. मग तात्या म्हणाला, "अक्का, तुम्ही कशा बऱ्या झालात, ते चार शब्दांत सांगा."

"मी बरी झालेली नाही," केसराक्का म्हणाली. "साखर आहेच. मी मजेत आहे."

सभेत कुजबूज सुरू झाली. आजार आहे आणि बाई मजेत? हा तर सगळ्यांचा अपमान! दुसऱ्या दिवशी पहाटेच सगळे नवे उपाय घेऊन हजर झाले. पण अक्का टेकडीला निघाली होती.

"चला की," ती म्हणाली. "चालता चालता सांगा."

पहिल्या चढाला कासव मागे पडलं. दुसऱ्याला साळिंदर बसलं. तात्या कोल्हा तेवढा माथ्याजवळ पोचला आणि भोवळ येऊन पडला. डॉक्टरांनी उडत येऊन त्याला ठोकून पाहिलं, आणि पुन्हा एकदा ठोकलं.

"तात्या, साखर," ते म्हणाले.

पोपटांनी ते लगेच खाली पोचवलं. मग सगळ्या जंगलाचे डोळे चमकले. थकलेले उठले, बसलेले धावत सुटले. कासवसुद्धा!

"मला काही झालेलं नाही!" असं किंचाळत तात्या शेपूट पायात घालून पळाला. मागे अख्खं जंगल.

केसराक्काने माथ्यावर जाऊन वारा खाल्ला. कितीतरी दिवसांनी तिला कुणी काही सांगत नव्हतं.

तात्पर्य : आपल्याला सुखाने आजारी राहायचं असेल, तर शेजारी एखादा ताजा रोगी असावा.