फादरच्या पिंपातल्या अळ्या

होंडुरासमधल्या एका गावात सार्वजनिक आरोग्य शिकायला आलेली कॅनडाची मारेन आठवडाभर दारोदार हिंडत होती. डेंग्यूची साथ होती. "पिंपं ओता, घासा, पाण्यात डासांच्या अळ्या होतात," असं ती मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगे आणि बायका "हो गं बाळा" म्हणत तिला कॉफी पाजून वाटेला लावत. एकही पिंप जागचं हललं नव्हतं. त्यात सोमवारी तिचे प्राध्यापक पाहणीला येणार होते.

वैतागून ती चर्चच्या मागच्या अंगणात शिरली. तिथल्या पिंपात अळ्या नुसत्या वळवळत होत्या. विचारायला कुणी दिसेना. तिनं बाह्या सरसावल्या आणि पिंप आडवं केलं.

तेवढ्यात तिची घरमालकीण, जिला सगळे मानानं 'दोन्या' म्हणजे बाई म्हणत, ती दोन्या नीदिया रिकामी बाटली घेऊन आली आणि जागीच थिजली.

"अगं बये! हे काय केलंस?"

"अळ्या होत्या, दोन्या."

"अळ्या कसल्या! ईस्टरला फादरनी पवित्र केलेलं पाणी ते! सगळं गाव वर्षभर पुरवून वापरतं!"

आता आपल्याला गावातून हाकलणार, या भीतीनं रडतच मारेननं फादर आन्सेल्मोंना गाठलं. होतं नव्हतं तेवढं स्पॅनिशही पळालं.

"फादर, मी... मी देव सांडला."

"देव सांडत नाही, पोरी. डोळे पूस आणि नीट सांग."

तिनं सांगितलं. फादरनी आपल्या बोटांकडे पाहिलं. "अळ्या? आणि मी ते रोज लोकांच्या कपाळाला लावतोय?"

रविवारी प्रार्थनेनंतर ते गरजले, "पिंप ओतलं ते बरंच केलं! पवित्र पाण्यात अळ्या होतात, मग तुमच्या पाण्यात काय मासे होणार आहेत?"

दुपारपर्यंत गावातलं एकूण एक पिंप उपडं पडलं. बायकांनी घासून घासून लख्ख केलं. गटारं दुथडी वाहिली. मारेनला पुन्हा रडू आलं, पण या खेपेला आनंदानं.

सोमवारी प्राध्यापक आले. घरोघरी वाकून पाहिलं, अळी औषधालासुद्धा नाही. त्यांनी मारेनची पाठ थोपटली.

"आता बायकांना बोलाव. हात कसे धुवायचे ते दाखवतो."

बायका जमल्या. प्राध्यापकांनी साबणाची वडी हातात घेऊन व्याख्यान दिलं आणि शेवटी हात पुढे केले.

"पाणी घाला."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मारेनचा चेहरा उतरला. अखेर दोन्या नीदियानंच घसा खाकरला.

"नळाला पाणी गुरुवारी येतं, डॉक्टर. तोवर साबण चोळत राहा."