चांक्लेता तुमचीच आहे

सेफेरिनो काराबायोंनी आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं, आणि एकाहत्तराव्या वर्षी सुरुवात करायचा त्यांचा विचारही नव्हता. त्यामुळे मुलीने ऑरलँडोहून फोनवर हुकूम सोडला की रविवारच्या विमानाने कायमचे इकडे या आणि कुत्री आणू नका, कुत्र्यांच्या केसांनी बाळाला धाप लागते, तेव्हा आपण चाललोय हे बेटावरच्या त्या उतुआदो गावात कुणालाच सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलं. सांगितलं की कुत्रीसाठी घर मागावं लागणार, आणि मागितलं की आलेच उपकार. त्यापेक्षा त्यांना एक सोपा मार्ग दिसत होता. (सोपे मार्ग त्यांना नेहमीच दिसत. न्हाणीघरात दोनदा घसरून पडले तेही सोप्या मार्गानेच.)

कुत्री सापडली तेव्हा सपातेएवढी होती, म्हणून नाव ठेवलं चांक्लेता, म्हणजे सपातच. नऊ वर्षांत ती वाढून फार तर दोन सपातांएवढी झाली होती. एक कान उभा, एक पडलेला. बायको गेल्यापासून सेफेरिनो दिवसभर हिच्याशीच बोलत आणि ही मान तिरकी करून ऐकत बसे. (बायकोने इतकं कधी ऐकून घेतलं नव्हतं.) हिच्याविना आपलं कसं होणार, याचा विचार त्यांनी कटाक्षाने टाळला होता. आपल्याविना हिचं कसं होणार, हा प्रश्न मात्र घास गिळू देत नव्हता.

तर तो सोपा मार्ग असा. रस्त्याने जाणारा प्रत्येकजण चांक्लेताचं कौतुक करायचा. आणि बेटावर कुणी तुमच्या कशाचंही कौतुक केलं, मग ती टोपी असो की जावई, की आपण लगेच म्हणायचं, "तुमचंच आहे." समोरच्याने म्हणायचं, "छे, तुमच्याकडेच शोभतं." टोपी डोक्यावर राहते, जावई घरात राहतो आणि दोघांची अब्रू राहते. आपण मनापासून म्हटलं तर समोरच्याला ते कळेल असं धरून चालले, एवढीच सेफेरिनोंची चूक झाली.

सोमवारी बेकरीवाल्या एवारिस्तोने कुत्रीला गोंजारलं. सेफेरिनो म्हणाले, तुझीच आहे. "तुमच्याकडेच शोभते, काका," म्हणत त्याने पाव बांधून दिला. मंगळवारी औषधांच्या दुकानातल्या बाईंच्या हातात त्यांनी सरळ दोरीच दिली. बाईंचे डोळे भरून आले. अशी खानदानी माणसं आता राहिली नाहीत, असं म्हणून त्यांनी दोरी परत केली आणि वर खोकल्याचं औषध दिलं. बुधवारपर्यंत गावभर बोलबाला झाला की सेफेरिनो म्हणजे काळीज काढून देणारा माणूस. लोक मुद्दाम वाट वाकडी करून कुत्रीचं कौतुक करायला येऊ लागले, आणि सगळे तिला परत देऊन जाऊ लागले.

गुरुवारी कुंपणापाशी शेजारीण प्रोविदेन्सिया भेटली. कोंबड्या पाळायची, आणि जीभ अशी की कोंबड्यासुद्धा वचकून असत. तिनेही कुत्री वाखाणली, नाकारली. आता परतफेड म्हणून सेफेरिनोंनी तिची ठिपक्यांची कोंबडी वाखाणली. "तुमचीच आहे," ती म्हणाली. सेफेरिनोंचं मन रविवारच्या विमानात अडकलेलं. ते म्हणाले, "बरं."

शुक्रवारी सकाळी फाटकाला कोंबडी बांधलेली होती. म्हणजे द्यायला निघालेल्या माणसाच्या पदरात आता कुत्रीही होती आणि कोंबडीही. ते तशीच ती काखेत मारून शेजारी गेले.

"ही परत घ्या, बाई."

"का म्हणून? तुम्ही हो म्हणालात. पन्नास वर्षांत मला हो म्हणणारे तुम्ही पहिलेच. रोज अंडं देणारी कोंबडी गेली माझी, रात्रभर हळहळत होते."

"माझं लक्ष नव्हतं हो. मी रविवारी चाललोय, कायमचा. हिला नेता येत नाही." पायाशी चांक्लेता त्यांच्याकडे बघत होती, म्हणून ते दुसरीकडे बघू लागले. "चार दिवस मी शिष्टाचार करत नव्हतो. खरंच देत होतो."

प्रोविदेन्सियाने कमरेवर हात ठेवले.

"मग मागायला तोंड शिवलं होतं का? अख्खं गाव दारात उभं राहिलं असतं."

"मागणं जमत नाही."

"आत्ता जमवा. मी इथेच उभी आहे."

सेफेरिनोंनी कोंबडी खाली ठेवली, टोपी काढली. "माझी कुत्री सांभाळाल का?" आवाज इतका बारीक आला की त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

"सांभाळीन. पण लाडबिड नाहीत हं माझ्याकडे," ती म्हणाली. संध्याकाळी चांक्लेता तिच्या उशीवर बसून तिच्या हातून भात-राजमा खात होती.

शनिवार सेफेरिनोंनी रिकाम्या घरात काढला. दोनदा बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. तेव्हा कळलं की आजवर टाळलेला तो विचारच खरा होता. रविवारी सान हुआनच्या विमानतळावर जाणारी गाडी दारात उभी राहिली, आणि त्यांचा निश्चय झाला की कुत्री बरोबर न्यायची. मुलीची बोलणी खाऊ, बाळापासून लांब वेगळी खोली घेऊ, काहीही करू.

प्रोविदेन्सिया ओट्यावर बसली होती, चांक्लेता तिच्या मांडीवर. आता दिलेलं परत कसं मागायचं? एवढं मागणं ते अजून शिकले नव्हते.

"काय गोड कुत्री आहे," सेफेरिनो म्हणाले.

बाई काही खुळी नव्हती. तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कुत्रीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. मग तिने चांक्लेताला दोन्ही हातांनी उचलून त्यांच्यापुढे धरलं.

"तुमचीच आहे, सेफेरिनो," ती हळूच म्हणाली. ती अगदी मनापासून म्हणत होती, आणि त्यांना ते कळलंही. फक्त हात पुढे करायचे होते.

"छे छे," सेफेरिनोंचं एकाहत्तर वर्षांचं वळण लागलेलं तोंड त्यांना न विचारता म्हणालं, "तुमच्याकडेच शोभते."

प्रोविदेन्सियाने कुत्री घाईघाईने पुन्हा मांडीवर घेतली, आणि दुसऱ्यांदा आग्रह केला नाही.